रडायची खोली

ताई येणार म्हटल्यावर कुठल्याही भावाला आनंद व्हावा. चष्मेवाल्याला घाम फुटला.

फोन ठेवून तो बराच वेळ फ्रेमांच्या खोक्यावर बसून राहिला. खोली त्याच्या पहिल्या दुकानाच्या वरची. खिडकी वीतभर, भिंतीला पोपडे, कोपऱ्यात काचा घासायचं जुनं यंत्र. या देशात नवा आला तेव्हा तो इथेच राहायचा. दिवसभर खाली मालकाच्या हाताखाली काचा घासायच्या आणि संध्याकाळी वर येऊन त्या यंत्राशेजारी अंग टाकायचं. पुढे मालक थकला, दुकान यानं चालवायला घेतलं, मग ते याचंच झालं. मग दुसरं झालं, तिसरं झालं. टेकडीच्या उतारावर घर झालं, दारात गाडी आली. या खोलीला मात्र त्यानं साधा रंगसुद्धा काढू दिला नाही, कारण ताईला फोन तो इथूनच करायचा.

हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं, नाहीतर माणूस फार लबाड वाटेल. तो लबाड नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. ती त्याला ‘छोट्या’ म्हणायची. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात त्यानं फोनवर जे जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. हात फुटलेत, पाय गारठतात, मालक खेकसतो. ताई तिकडे रडायची, नाक पुसत पुसत काय काय उपाय सांगायची, ठेवते ठेवते म्हणून पुन्हा बोलत राहायची. मग एकदा पगार वाढला. त्यानं हौसेनं सांगितलं, ताई, आता बरं चाललंय माझं. ताई म्हणाली, “बरं झालं बाई, जीव भांड्यात पडला,” आणि दोन मिनिटांत फोन ठेवून दिला.

वाईट काहीच नव्हतं त्यात. काळजी मिटली की माणूस आपल्या कामाला लागतो. पण त्या संध्याकाळी छोट्याला फार एकटं वाटलं. पुढच्या फोनवर त्यानं थोडा खोकला काढला. ताई अर्धा तास बोलली.

तेव्हापासून खोकला गेला नाही. दुकान झालं तेव्हा मालक कटकट करत होता, घर झालं तेव्हा छप्पर गळत होतं. फोनवर चेहरा दिसायला लागला तेव्हा पोपड्यांची भिंत उपयोगी पडली. त्याच्या बायकोनं या जागेचं नाव ‘रडायची खोली’ ठेवलं होतं. आठवड्याच्या ठरल्या दिवशी तो किल्ल्या शोधायला लागला की ती विचारायची, “निघालात का रडायला?”

आणि आता ताई येणार होती. तिकीट तिचं तिनं काढलं होतं, कारण भावाकडे कुठून असणार?

“घरी आणा त्यांना,” बायको म्हणाली. “एकदाच काय व्हायचं ते होऊ दे.”

त्यानं मान हलवली. पहिल्याच दिवशी एवढा धक्का नको, असं त्याचं म्हणणं. चार दिवस दुकानावरच्या खोलीत राहू, मग हळूहळू कानावर घालू. आणि बायको एका म्हातारीची सेवा करायला असते, तिच्याकडेच राहते, असं त्यानं फोनवर सांगूनही टाकलं होतं.

“कुठली म्हातारी?”

“आहे एक.”

“मग तिला माझा नमस्कार सांगा,” बायको म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. सोंगं तुमची तुम्ही आणा, मी त्यात नाही, वन्संनी मला समोर विचारलं तर मी खरं तेच सांगणार, एवढं मात्र तिनं बजावून ठेवलं.

विमानतळावर ताई त्याच्या अंगावरून पुढे निघून गेली. फोनवर तिला दिसायचा तो नुसता अंधुक चेहरा, त्यामुळे ती एका हडकुळ्या माणसाला शोधत होती. “ताई,” त्यानं हाक मारली तशी ती वळली, जवळ आली, दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं. मग त्याची बाही वर सरकवली आणि अंगठ्यानं मनगटाजवळ दाबून बघितलं.

“काय बघतेस?”

“खड्डा पडतो का बघते. छोट्या, तू सुजलायस.”

चष्मेवाला गेली कित्येक वर्षं चांगलंचुंगलं खाऊन गोल झाला होता. पण ताईच्या डोक्यात अर्धपोटी भाऊ पक्का बसलेला. अर्धपोटी माणूस फुगला म्हणजे सूजच असणार. त्यानं हसून वेळ मारून नेली. गाडी घरी ठेवून आला होता, म्हणून दोघं बसनं निघाली. बसनं जायची सवय त्याला उरली नव्हती. तो भलत्याच थांब्यावर उतरला आणि ताईची पिशवी खांद्यावर घेऊन एक अख्खा चढ चढला. ताई मागून म्हणत होती की दगदगीनं तुझं डोकंसुद्धा चालेनासं झालंय.

खोलीत आल्या आल्या तिनं पिशवी उघडली. शाळेत शिवण शिकवण्यात तिचा जन्म गेला होता. भावासाठी तिनं आतून कापूस भरलेली बंडी शिवून आणली होती, थंडीत कामावर घालायला. माप अर्थातच अंदाजाचं. बंडी त्याच्या पोटाशी आली आणि थांबली. बटणं आणि काजं यांच्यात ओंजळभर अंतर राहिलं. ताई ते अंतर बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

“किती दिवस आहे ही सूज?”

त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “आहे आपली, थोडी.”

पुढचे दिवस मोठे विचित्र गेले, आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे ते सुखाचे गेले. ताईनं एका शेगडीवर संसार मांडला. सूज उतरावी म्हणून त्याचं मीठ तोडलं. तो तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायचा, सकाळी पाठ धरलेली असायची, मग ताई तेल कोमट करून चोळून द्यायची आणि लहानपणच्या गोष्टी काढायची. तू कसा सावलीला घाबरायचास, शाळेत सोडल्यावर कसा माझा पदर धरून ठेवायचास. तो डोळे मिटून ऐकायचा. घरी गाद्या होत्या, अंघोळीला दोन दोन न्हाणीघरं होती. तिथे असं कुणी पाठ चोळून देत नव्हतं. आज सांगू, असं तो रोज सकाळी ठरवायचा, आणि रोज जेवताना वाटायचं, आजचा एक दिवस राहू दे.

ताई एकदा आपणहून खाली दुकानात उतरली. तिथे गल्ल्यापाशी एक धिप्पाड बाई बसायची, त्याचीच नोकर. ताईला ती मालकीण वाटली. ती सरळ तिच्यासमोर गेली, हात जोडले आणि म्हणाली, “बाई, माझ्या भावाला सांभाळा. त्याची तब्येत बरी नसते. चुकला तर मला सांगा, त्याच्यावर ओरडू नका.” त्या बाईला एक शब्द कळला नाही. तिनं हसून ताईचे हात हातात घेतले आणि मग चष्मेवाल्याकडे वळून इथल्या भाषेत विचारलं, काय म्हणतात या? तो म्हणाला, दुकान छान आहे म्हणतात. नंतर तो मागच्या बाजूला गेला आणि उगाचच एक स्वच्छ काच पुसत उभा राहिला.

त्याच दिवशी दुकान बंद झाल्यावर त्यानं ताईला खाली खुर्चीवर बसवलं. आल्यापासून तिचा चष्मा त्याला खटकत होता. ती वाचताना मान वाकडी करायची, जिना उतरताना पायरी पायानं चाचपायची. चष्मा यंत्राखाली धरला आणि तो चपापला. प्रत्येक काचेचा एक मध्य असतो, तो डोळ्याच्या बाहुलीसमोर यावा लागतो. या काचांचे मध्य एकमेकांपासून फार लांब होते. रुंद चेहऱ्याच्या माणसासाठी घासलेल्या काचा होत्या या.

“ताई, हा चष्मा तुझा नाही.”

“यांचा आहे,” ती म्हणाली. भावोजींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. “चांगला होता. टाकायचा कशाला? काड्या तेवढ्या आवळून घेतल्या.”

साऱ्या शहराला चष्मे लावणारा माणूस, आणि त्याची बहीण मेलेल्या नवऱ्याच्या चष्म्यातून जग बघत होती. फोनवर तो तिला इतकी वर्षं स्वतःचं दुखणं सांगत आला होता. तुला दिसतं का नीट, एवढं मात्र एकदाही विचारलेलं नव्हतं.

त्यानं तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकामागून एक काचा बदलत विचारू लागला, आधीचं बरं की हे बरं? ताई प्रत्येक वेळी म्हणायची, आधीचं. त्याला शंका आली. त्यानं तीच काच काढल्यासारखी केली आणि पुन्हा तीच घातली. “आधीचं,” ताई म्हणाली.

“ताई, खरं सांग. दिसतं तसं सांग.”

“अरे, तू जसजशा काचा वाढवतोस तसा चष्मा महाग होत असेल ना? तुझ्या पगारातून कापतील. मला काय करायचंय एवढं बघून? साधी घाल एखादी.”

आयुष्यात हजारो माणसं त्या खुर्चीत बसली होती, पण आपल्याला कमी दिसावं म्हणून खोटं बोलणारी त्यानं कुणी पाहिली नव्हती. त्यानं तिच्या उत्तरांचा नाद सोडला, डोळ्यांवर उजेड टाकून नंबर स्वतःच काढला, आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातांनी काचा कापून कडा घासल्या. फार दिवसांनी तो यंत्राला बसला होता. बोटाला कापलं.

नवा चष्मा लावून ताईनं पहिल्यांदा भिंत बघितली, मग त्याला. बराच वेळ बघितलं. “केस पिकले रे तुझे,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं त्याला समोर बसवून घेतलं. ती बोलायचं ठरवून आली होती, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

“छोट्या, मी इथं फिरायला नाही आले. मी तुला न्यायला आलेय.”

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण ताईनं सगळं जमवून ठेवलं होतं. पुढची खोली रिकामी होणार होती, तिथे तो आणि वहिनी राहतील. चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराशी बोलणं झालं होतं, त्याला काचा घासणारा जाणता माणूस हवाच होता. सूज आहे, बसून काम असेल तर बरं, हेही तिनं त्याच्या कानावर घातलं होतं. आणि चिमी, म्हणजे तिची मुलगी, आपली ही खोली सोडून आईच्या खोलीत झोपायला तयार झाली होती. “परक्या मुलखात किती झिजशील? सोड ते. कुणी नावं ठेवली तर मी आहे ना. नाही जमलं एखाद्याला, त्यात लाज कसली?”

हे ती इतक्या मायेनं म्हणाली की चष्मेवाल्याला खाली बघवेना आणि वरही बघवेना. आता आणखी एक दिवस राहू दे, असं म्हणायला जागा उरली नव्हती. तो गप्प राहिला तर ती घरी जाऊन त्याच्यासाठी गाद्या भरायला टाकणार होती.

“ताई,” तो म्हणाला, “हे दुकान माझं आहे.”

“हो रे, इतकी वर्षं काम केलंस म्हणजे वाटणारच आपलं.”

“तसं नाही. माझं म्हणजे माझंच आहे. अशी अजून दोन आहेत. टेकडीवर घर आहे. ती म्हातारी वगैरे कुणी नाही.”

ताईला पहिल्यांदा कळलंच नाही. त्याला दोनदा, तीनदा सांगावं लागलं, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट ऐकू आलं. शेवटी ती म्हणाली, “म्हणजे सूज?”

“सूज नाही. पोट आहे.”

“आजार कसलाच नाही?”

“नाही.”

तिनं डोळे मिटले, हात जोडून कपाळाला लावले. तिला आधी आनंद झाला, आणि तोच त्याच्या जिव्हारी लागला. ती रागावली असती तर त्याला पाय धरता आले असते. मग तिनं खुंटीवरची बंडी काढली, मांडीवर पसरली आणि शिवणी चाचपत म्हणाली, “बाजूला सोडायला कापड ठेवलंय मी. उसवून सैल करता येईल.” थोड्या वेळानं विचारलं, “पण का रे?”

त्यानं जे खरं होतं ते सांगितलं. खोकला असला की तू अर्धा तास बोलायचीस. साठीला टेकलेल्या माणसाच्या तोंडी ते फार बावळट वाटलं. ताईनं बंडीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “चल, वहिनीकडे ने मला.”

घरी बायकोनं दार उघडलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “वन्सं, मी म्हातारीकडून सुटले एकदाची.” ताई हसली. खरंच हसली, आणि चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं की निभावलं. दोघी हातात हात घालून घर बघत फिरल्या. तो मागे मागे, चोरासारखा. स्वतःच्या घरात त्याला प्रत्येक वस्तू जास्त वाटत होती. एवढे दिवे कशाला, एवढ्या खुर्च्या कुणासाठी?

वरच्या मजल्यावर कोपऱ्याची खोली होती. पलंग, खिडकीशी टेबल, पुस्तकांचं रिकामं फडताळ. पलंगपोसाला सुरकुती नव्हती.

“ही कुणाची?” ताईनं विचारलं.

“कुणाची नाही,” बायको म्हणाली. “आम्हाला मूलबाळ नाही. चिमी शिकायला इकडे आली तर इथं राहील असं माझ्या मनात होतं, म्हणून तसंच लावून ठेवलं. मी यांना किती वेळा म्हटलं, बोलवा तिला. हे म्हणायचे, ताई विचारेल तेव्हा बघू. तुम्ही कधी विचारलंच नाही.”

ताई हळूच पलंगाच्या कडेवर बसली.

“तिला इथलाच प्रवेश मिळाला होता,” ती म्हणाली.

“याच शहरातला. नाचत घरी आली होती. म्हणाली, मामाकडे राहीन. मी नाही म्हटलं. मी तिला म्हटलं, तो बिचारा जमिनीवर झोपतो, त्याच्या ताटातला घास काढायला जातेस का? त्याला कळवायचंसुद्धा नाही, त्याला भीड पडेल. वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही पोर. मग बँकेत लागली, काउंटरवर. आता विचारलं तर म्हणते, ठीक आहे.” तिनं नवा चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. “मला फसवलंस ते जाऊ दे, छोट्या. तुझ्यासाठी रडले, त्यात माझं काय गेलं? पण तिला मी तुझं नाव घेऊन अडवलं.”

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. चष्मेवाल्याला एवढंच आठवत होतं की अशाच कुठल्याशा दिवसांत त्यानं फोनवर छप्पर गळतं म्हणून सांगितलं होतं. कदाचित त्याच आठवड्यात. छपराचं त्याला वाक्यन् वाक्य आठवत होतं.

“आता बोलवू तिला,” तो म्हणाला. “अजूनही...”

“तिचं वय आता शिकायला यायचं राहिलंय का?” ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “यायचं की नाही ते ती बघेल. पण तिला हे कळायला हवं. मी नाही सांगणार. तिला सांगायला मला तोंड नाही.”

तिनं आपला फोन त्याच्यापुढे धरला.

फोन घेऊन तो उठला आणि त्याचे पाय आपोआप दाराकडे वळले. किल्ल्या कुठे आहेत म्हणून हात खिशात गेला. इतकी वर्षं तिकडे फोन लावायचा म्हणजे आधी दुकानावरच्या खोलीत जायचं, ही सवय हाडात मुरली होती.

“कुठे निघालात?” बायकोनं न वळताच विचारलं.

तो परत आला. टेबलाशी खुर्ची होती, तिच्यावर कधी कुणी बसलेलं नव्हतं. तो तिच्यावर बसला आणि फोन लावला. चिमीचा चेहरा आला, कपाळावर चष्मा सरकवलेला, मागे बँकेतली गडबड. मोठी झाली होती. फोनवर तो तिला नेहमी बघायचा, पण तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या खोकल्याकडे असायचं.

“मामा? आई नीट आहे ना? आणि तुझी सूज कशी आहे? आईला सांग, माझी खोली मी आवरली. तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवलीय, तुला उजेड लागतो ना कामाला.”

त्याच्या घशात खोकला आला. जुना, ओळखीचा, सगळ्या अडचणींतून सोडवणारा. पलंगावरून ताई त्याच्याकडे बघत होती, आणि आता तिला सगळं स्पष्ट दिसत होतं.

त्यानं तो खोकला गिळला.

“चिमी,” तो म्हणाला, “मी बरा आहे.”

हे वाक्य त्यानं तिला कधी ऐकवलंच नव्हतं. “बरं,” ती म्हणाली.

“खूप वर्षांपासून बरा आहे. तुला प्रवेश मिळाला होता तेव्हाही बरा होतो. हे बघ.”

त्यानं फोन उलटा धरला आणि हळूहळू खोलीभर फिरवला. फडताळ, खिडकी, खिडकीशी उभी असलेली मामी, पलंग, पलंगावरची आई, टेबल. पुन्हा एकदा फडताळ. फोनची पाठ त्याच्याकडे होती, म्हणून चिमीचा चेहरा त्याला दिसत नव्हता. तिकडून फक्त बँकेतली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी कुणालातरी पुढच्या खिडकीवर जा म्हणून सांगत होतं. हात भरून आला तरी त्यानं तो खाली घेतला नाही.